कसंही चालेल म्हणणारे सर

सरांच्या पायात दोन सारख्या चपला मी कधी पाहिल्या नाहीत. एक तपकिरी असली की दुसरी काळी. एक रबरी, तर दुसरी चामड्याची. नव्या माणसाला आधी वाटे, गरिबी असेल. मग वाटे, विसराळूपणा असेल. मी सरळ विचारलं तेव्हा त्यांनी वाकून स्वतःच्या पायांकडे असं पाहिलं, की जणू बातमी त्यांनाही आत्ताच कळतेय.

"दोन्ही पायांखाली काहीतरी आहे ना?"

"आहे."

"मग कसंही चालेल."

हे 'कसंही चालेल' आमच्या डोंगरावरच्या चाळीत इतकं गाजलं होतं की पोरं क्रिकेट खेळताना आउट-नॉटआउटच्या भांडणात सरांच्या आवाजात ते ओरडायची. चहात साखर नाही? कसंही चालेल. न्हाव्याने एका बाजूचे केस जास्त उडवले? कसंही चालेल. एकदा घाटकोपर स्टेशनजवळच्या हॉलमध्ये ते एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेले, मजला चुकले आणि एका अनोळखी गुजराती कुटुंबाच्या लग्नात पोटभर जेवून, नवरानवरीला आशीर्वाद देऊन परत आले. आम्ही हसून लोळलो. सर म्हणाले, "पोरं चांगली होती दोन्ही. आशीर्वाद वाया गेला नाही."

मला मात्र या माणसाचा राग यायचा.

तो का यायचा हे कळायला माझं घर सांगावं लागेल. मी पत्रकांवर वाढले. बाबा गिरणीत होते आणि घरात पुस्तक म्हणून जे काही होतं ते युनियनची पत्रकं. फळीवर अंथरलेली पत्रकं, डब्याखाली घडी घातलेली पत्रकं, त्यांच्या कोऱ्या बाजूवर माझी गणितं. 'कमळातला क' मी शाळेत शिकले, पण त्याआधी 'कामगारातला का' मला येत होता. संप झाला, लांबला, आमच्यापुरता एक दिवस संपला. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन झाले आणि पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मुलुंडला एका मित्राच्या घरी सायक्लोस्टाइल मशीन होतं. माझ्या बोटांची शाई तेव्हा कधी निघालीच नाही. मला प्रत्येक गोष्ट तत्त्वाची वाटे. रेशनच्या दुकानातली रांग तत्त्वाची, वर्गातला बाक तत्त्वाचा, लग्नात नवरीने आधी वाकायचं की नाही, हे तर फारच तत्त्वाचं. अशा मुलीच्या शेजारच्या खोलीत 'कसंही चालेल' म्हणणारा माणूस राहत होता.

ते मुलुंडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत असत. नोकरी मुदतीआधीच सुटली होती. सकाळी आपल्या दारापुढे गॅलरीत बसायचे आणि जो येईल त्याच्याशी बोलायचे. ग्रीक लोक हे त्यांचं खास प्रेम. त्यांतही एक मंडळी होती, जी बाजारातल्या एका ओसरीत बसून शिकवायची. सर त्यांना 'ओसरीवाले' म्हणत, जणू आमच्याच डोंगरावर दोन गल्ल्या सोडून राहतात.

"ओसरीवाल्यांचं म्हणणं काय," ते सांगत, "गुण चार. शहाणपण, धैर्य, न्याय, संयम. पण खरं बघशील तर एकच. शहाणपण. काय करायचं, काय टाळायचं, आणि कशाने काही फरक पडत नाही, हे ओळखणं. तेच शहाणपण भीतीच्या जागी उभं केलं की त्याला धैर्य म्हणतात. वाटपाच्या जागी उभं केलं की न्याय."

"आणि शोषणाच्या जागी?" मी विचारलं.

"तिथे तूच उभी असतेस," सर म्हणाले. "शहाणपणाला जागा कुठे?"

माझं पत्रक ते नेमाने वाचत. चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाला लावून. एकदा वाचता वाचता एकेका उद्गारचिन्हावर बोट ठेवत गेले. "हा माणूस सारखा ओरडतोय गं. दम कधी घेतो?"

"अन्याय होत असताना दम कसला घ्यायचा, सर?"

"बरं. इथे लिहिलंयस, पेटून उठा. डोंगरावर नळाला पाणी सकाळी तासभर. पेटल्यावर विझवणार कशाने?"

मी कागद ओढून घेतला. घरी येऊन आईला म्हणाले, "या माणसाला कणाच नाही."

आई मासे साफ करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मगे नोकरी कशी सोडल्यान?"

ती गोष्ट मला नंतर त्यांच्याच एका विद्यार्थ्याकडून कळली. कॉलेजात सरांना सकाळचे पहिले तास दिले, ते म्हणाले कसंही चालेल. बसायला मुतारीशेजारची खोली दिली, तेच. त्यांचा विषय कमी केला आणि त्यांना दुसराच शिकवायला लावला, तेही त्यांनी शिकवला. मग एका विश्वस्ताचा पुतण्या नापास झाला आणि प्राचार्यांनी सरांना बोलावून, अगदी गोड आवाजात, पेपर पुन्हा 'बघायला' सांगितला. सरांनी पेपर बघितला. पुन्हा तेवढेच गुण लिहिले. "हे टाळायचं," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात खडू खिशात टाकून घरी आले. प्राचार्य म्हणे कितीतरी दिवस लोकांना विचारत होते, हा माणूस असा कसा वागला? इतकी वर्षं ज्या दाराला कडीच नाही असं वाटत होतं, ते आतून बंद निघालं होतं.

मला ही गोष्ट आवडली. तरी मी म्हटलं, कॉलेजातलं सोडा, चाळीत कुठे काय टाळतात?

आमच्या चाळीला एकच नळ. पाणी म्युनिसिपालिटीचं, पण पाइप मालकाच्या अंगणातून आलेला, म्हणून नळाभोवती लाकडी पेटी आणि पेटीला पितळेचं कुलूप. चावी मालकाकडे. मालकही आमच्यासारखाच कोकणातला, मालवणकडचा. चाळ बहुतेक सगळी तिकडचीच. शेवटच्या खोलीत मात्र हौसाबाई आली होती, भाऊ वारल्यावर त्याच्या खोलीत. बीडकडची. एक मुलगी बरोबर. ती देवनारच्या डम्पिंगवर, कचऱ्याच्या ढिगांत भंगार वेचायची.

ती आली आणि नळावर एक नवी रीत सुरू झाली. तिचा हंडा भरला की पुढची बाई आधी नळाला पाणी मारायची, हाताने चोळायची, मग आपलं भांडं लावायची. कोणी काही बोलत नसे. म्हणून मग तिच्यामागे रांगेत उभं राहायला कोणी तयार होईना. तिच्या हंड्यानंतर एक रिकामी जागा पडायची, माणूसभर. माझी आईही त्या जागेत उभी राहत नसे. मी आईशी भांडले. आई म्हणाली, "मी काय बोललंय तिका? नळ तर धुवतंय नुसतो."

माघात चाळीची सत्यनारायणाची पूजा जवळ आली आणि मालकाने कुलूप उघडणंच बंद केलं. खाली अंगणात उभा राहून त्याने सांगितलं, "नळ माझ्या अंगणातसून येता. ती बाय लायनीतसून भायर, मगे चावी."

त्या दिवसापासून सगळी चाळ डोंगर उतरून रस्त्यापलीकडच्या वस्तीतून पाणी आणू लागली. चढताना हंडे हिंदकळायचे आणि शिव्या निघायच्या. पहिल्या दिवशी शिव्या मालकाला होत्या. नंतर त्या हळूहळू शेवटच्या खोलीकडे वळल्या. तात्या, म्हणजे आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, दरवर्षी पूजेत सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे, त्यांनी एक तोड काढली. हौसाबाईला तिच्या दारात एक वेगळी टाकी द्यायची. पाणी आपणच भरून द्यायचं. तिला नळावर यायलाच नको. मालकही याला तयार होता.

"टाकी दिली तर काय वायट गो?" आई म्हणाली. "तिका पाणी मेळल्याशी काम."

तात्या सरांकडे आले. "सर, तुमी शिकलेली माणसां. तुमीच तिका समजावा."

मला वाटलं, आता सर म्हणणार. कसंही चालेल.

सर म्हणाले, "आधी तिला विचारून येतो." आणि दोन निराळ्या चपला फटफटवत शेवटच्या खोलीकडे गेले. मी मागोमाग गेले, कारण माझ्याकडे नवं पत्रक तयार होतं.

हौसाबाई दारात बसून तारांचे गुंडाळे सोडवत होती. सरांनी टाकीची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. ना गोड करून, ना कडू करून. तिने ऐकलं. मग म्हणाली, "मास्तर, गावात आमचं पाणी येगळं होतं. हितं बी येगळंच राहायचं, तर म्या गाव सोडलं कशापायी?"

सर उठले. तात्या गॅलरीत वाट पाहत होते. "टाकी नको," सर म्हणाले. "हे टाळायचं."

"अवो, पण सगळ्यांची सोय..."

"तात्या, पाणी डोक्यावरून आणणं कसंही चालेल. मी तुमचाही हंडा आणीन. टाकी नाही."

प्राचार्यांनी पाहिलं असेल, तसंच तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

मला हे फार आवडलं आणि मी लगेच माझी योजना पुढे केली. पूजेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सगळ्यांसमोर आम्ही पाच-सहा जण हातोड्याने कुलूप फोडणार. वर घोषणा. पत्रक वाटायचं.

"झकास," सर म्हणाले. "कुलूप कशाचं आहे?"

"पितळेचं."

"पितळेचं कुलूप तुटलं, मालक पोलिसांत गेला. पोलीस आधी कोणाच्या खोलीत पितळ शोधतील?"

गॅलरीच्या टोकाला हौसाबाईच्या दारात भंगाराचं पोतं होतं. तांबं, पितळ, शिसं, वेगवेगळं बांधून ठेवलेलं.

"मग गप्प बसायचं?" मी ओरडले.

"असं मी कुठे म्हटलं? तू दिवसभर काय करायचं तेवढंच सांगतेस. संध्याकाळी ते कोणाला भोगावं लागेल, तेही त्यातच धर. मग ठरव."

दुसऱ्या दिवशी चाळीला बातमी कळली आणि चाळ हबकली. सर तात्यांकडे गेले होते आणि या वर्षीचं गाऱ्हाणं मी घालतो म्हणाले होते. सर! जे पूजेला फक्त शिऱ्यासाठी येत आणि आरतीत टाळ्या भलत्याच ठिकाणी वाजवत. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"तुमचा देवावर विश्वास आहे?"

"नाही."

"मग नारळापुढे हात जोडणार?"

"हात कुठेतरी ठेवावेच लागतात."

"सर, मालक पहिल्या खुर्चीत बसणार! त्याच्यासमोर भीक मागणार तुम्ही!"

"मालकाकडे मी काही मागणार नाही," सर म्हणाले. "देवाकडे मागेन. कोणासमोर वाकलो, कसंही चालेल. कोणासाठी, ते नाही चालणार."

ते हौसाबाईलाही सांगून आले. ती म्हणाली, "द्येव तुमचा, पाणी म्युनिसिपालटीचं. मला काय त्यात वढू नका. मी हंडा घेऊन पेटीपाशी उभी ऱ्हाते. उघडली तर भरीन, न्हाई उघडली तर समद्या पावन्यांनी बघावं, की बंद हाय."

पूजा सकाळी, पाण्याच्याच वेळेला, मालकाच्याच अंगणात, पेटीपासून हाकेवर. मालक धुतलेल्या लेंग्यात पहिल्या खुर्चीवर, शेजारी त्याची म्हातारी आई. हौसाबाई पेटीपाशी, कडेवर हंडा. सगळ्यांनी तिला पाहिलं आणि सगळ्यांनी मान वळवली. मी मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होते, आणि ठरवलं होतं की तोंडातून शब्द काढायचा नाही.

सरांनी नारळ हातात घेतला. एरवी ते आमच्याशी छापील मराठी बोलत. त्या दिवशी त्यांच्या तोंडून त्यांचं गाव, वेंगुर्ला, बाहेर आलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं अंगण म्हणालं. गाऱ्हाण्याची ही रीतच आहे. एकाने मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. कोकणातला माणूस पाळण्यात असल्यापासून हे ऐकतो. तिथे विचार करत नाहीत, श्वासासारखं बाहेर पडतं.

"आज ह्या चाळीतली तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"हेंच्या हातसून काय चुकला-माकला असात, ता पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"कामाधंद्याक गेलेल्यांका सुखरूप घराक हाड! पोराबाळांका यश दी!"

"व्हय म्हाराजा!"

सरांचा वेग वाढत होता. आवाज चढत होता. "मालकांच्या घरात सुखसमृद्धी नांदांदे! त्यांच्या आवशीक शंभर वर्सां आयुष्य दी!"

"व्हय म्हाराजा!" मालक खूश होऊन सगळ्यांच्या वर ओरडला.

"आणि पयल्या खोलयेपासून हौसाबायच्या खोलयेपर्यंत, एकाच नळार, एकाच लायनीत, कोणाचोच हंडो रिकामो जावचो नाय, असा कर!"

"व्हय म्हाराजा!"

मालकाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तोंड अजून उघडं होतं, तेवढ्यात त्याला कळलं. तात्यांना कळलं. माझ्या आईने तोंडावर पदर धरला. आणि मला कळलं की भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, मीही ओरडले होते.

सरांनी नारळ फोडला. पाणी फरशीवर पडल्याचं ऐकू आलं.

म्हातारी आई मालकाकडे वळली. "झिला, देवासमोर व्हय म्हटलंस मरे. आता चावी काढ."

"आये, ता तोंडातसून गेला..."

"शब्द तोंडातसूनच जाता. खंयसून जातलो? चावी काढ."

मालकाने खिशातून चावी काढली. पेटीपर्यंत तो गेला, कुलूप उघडलं आणि कोणाकडेही न बघता घरात शिरला. हौसाबाईने हंडा लावला. ती हसली नाही, रडली नाही, आभार मानले नाहीत. हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि जिना चढू लागली.

मी सरांना गाठलं. "सर, फसवलंत त्याला."

"काय खोटं बोललो? नको होतं तर म्हणायचं होतं त्याने, नाही म्हाराजा."

"पण त्याला पटलं कुठे? लोकांना तरी कुठे पटलं? नारळाने अन्याय संपत नाही, सर!"

मला वाटलं होतं ते काही गमतीचं बोलतील. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. नाही संपत. नारळाने आजचा दिवस मिळाला. उद्याचं काम उद्या सकाळी."

ते काम काय, हे मला सकाळी दिसलं. पाण्याला कधी नेमाने न येणारे सर, ज्यांची बादली शेजारपाजारचं कोणीही भरून देई, ते रांगेत उभे होते. हौसाबाईच्या बरोबर मागे. त्या रिकाम्या जागेत. तिचा हंडा भरला, तिने तो उचलला आणि सरांनी नळ न धुता, न चोळता आपली बादली खाली सरकवली. भरली. तिथेच ओंजळ धरून थोडं प्यायलेही. मग बादली हिंदकळवत, अर्धं पाणी लेंग्यावर सांडत वर आले.

दुसऱ्या दिवशी तेच. नंतर रोज. सर्दी झाली तरी, पुढे डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं तरीही. हौसाबाई कधी उशिरा आली तर ते बाजूला थांबत आणि ती आली की तिच्या मागे लागत. एकदा तिनेच सुनावलं, "मास्तर, पुढं व्हा की. रोज माझ्या मागंच का?"

"मला दिसत नाही," सर म्हणाले. "तुमच्या हंड्याचा आवाज ऐकत येतो."

मी एका सकाळी विचारलं, "सर, याने काही फरक पडतोय का?"

"ते माझ्या हातात नाही. लोकांची मनं माझ्या हातात नाहीत. बादली आहे."

मला तेव्हाही हे अपुरं वाटलं. आजही पूर्ण पटलेलं नाही. पेटीला अजून कुलूप असतं आणि चावी अजून एकाच माणसाच्या खिशात. त्यावर मी लिहीत राहणार आहे, आणि उद्गारचिन्हं घालून. पण आता पत्रक लिहिताना मी एकदा थांबते. याचं संध्याकाळी काय होईल, आणि कोणाचं? मग लिहिते.

शेवटी डोळे फारच अधू झाले आणि सरांच्या बहिणीने त्यांना वेंगुर्ल्याला न्यायचं ठरवलं. जाण्याच्या दिवशी एक ट्रंक, एक वळकटी आणि पायात एक काळी, एक निळी. "तिकडे करमेल का सर?" मी विचारलं. काय उत्तर दिलं, ते सांगायला नको. फक्त जिना उतरताना एकदा थांबले आणि खाली नळाकडे तोंड करून उभे राहिले. दिसत तर काही नव्हतंच.

रात्रभर माझ्या डोक्यात ती रिकामी जागा होती. सकाळी मी कळशी घेतली आणि तावातावाने खाली उतरले. कोण काय बोललं तर काय बोलायचं, ते तयार होतं. नळ कोणी धुतला तर काय बोलायचं, तेही तयार होतं.

हौसाबाई रांगेत होती. तिच्या मागे, अगदी खेटून, माझ्या आईची कळशी होती आणि कळशीमागे आई.

हौसाबाईचा हंडा भरला. आईने नळाखाली कळशी सरकवली. नळ धुतला नाही.

मी तशीच उभी. तोंडात सगळं भाषण.

"काय गो, बघतंस काय?" आई म्हणाली. "पाठी जा. लाईन लाव."

हौसाबाईने हंडा डोक्यावर चढवला आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसली. "जा की पोरी. तुझा लंबर मागं हाय."

मी मागे जाऊन उभी राहिले.